बाजाराची वाट दाखवा



थंडी पडू लागली की नागपुरात तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकाने लागतात. आपण मुलांना घेऊन जातो, भाव करतो, स्वेटर घेतो. या लोकांपैकी काहींचे घर आपल्या विदर्भातच आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या जंगलाजवळ गोठणगाव आहे. १९५९ नंतर तिबेट सोडावे लागलेल्या निर्वासितांची ‘नोर्ग्येलिंग’ वसाहत तिथे १९७२ मध्ये वसली. बर्फाळ पठारावरची माणसे, वाट्याला आला विदर्भाचा उन्हाळा, भातशेती आणि परकी भाषा! जमीन सरकारने दिली. पण पाय रोवायला जमीन पुरत नाही. सहकारी संस्था, शाळा, दवाखाना आणि सरकारदरबारी त्यांची बाजू मांडणारा वसाहतीचा अधिकारी, अशी व्यवस्था समाजाने उभी केली. भाताचा हंगाम संपला की स्वेटरचा धंदा. अशी ही वस्ती टिकली.

मदिनेत प्रेषित (स.) यांनी मुहाजिर आणि अन्सार यांना भाऊ-भाऊ केले. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) आपली अर्धी मालमत्ता द्यायला तयार होते. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी दुआ दिली आणि बाजाराची वाट तेवढी विचारली. घर सोडून आलेल्याला हीच मदत जास्त उपयोगी पडते.

मोमिनपुरा आणि कामठीतल्या कितीतरी विणकर घराण्यांचे पूर्वजही उत्तरेकडून आले. आज त्याच वाटेने बिहार-बंगालचे मजूर येतात. रमजानमध्ये आपण त्यांना इफ्तार देतो, ते चांगलेच. पण त्यांची मुले शाळेत आहेत का? शिक्षिका म्हणून मला हाच प्रश्न छळतो. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जन्मदाखला किंवा टीसी नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. गावच्या रेशन कार्डावरचे धान्यही आता दुसऱ्या राज्यात मिळते. बिचाऱ्यांना हे सांगणारेच कोणी नसते.

प्रत्येक मोहल्ल्याच्या जमातीने एक वही ठेवावी: नवे कुटुंब कोणते, मुले किती, शाळा कोणती. एक शिकलेला तरुण आणि एक शिकलेली मुलगी त्यांच्यासोबत शाळेत आणि रेशन दुकानात जावी. खर्च जवळपास काहीच नाही. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी एवढे झाले, तरी काही मुलांचे वर्ष वाचेल.