आधी सांगा, भाडेकरू कोण?

नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडू लागली आणि कर्जत-खालापूरच्या घरांच्या जाहिरातींना नवा जोर चढला. आज घ्या, भाड्याने द्या, हप्ता आपोआप फिटेल! मैत्रिणींनो, शिवणकामातून, भिशीतून साठवलेले पैसे कुणी या घरात घालणार असेल, तर माझा एकच प्रश्न आहे. त्या घरात भाड्याने राहणार कोण?

पनवेल-कर्जत लोकलचंच बघा. प्रकल्प मंजूर झाला 2016 मध्ये, पण 2025 सरेपर्यंत लोकल काही धावली नव्हती. ‘लोकल येतेय’ म्हणून ज्यांनी कर्ज काढून घरं घेतली, त्यांच्या हप्त्यांनी काही लोकलची वाट पाहिली नाही.

आता जरा वहीत हिशेब मांडू. समजा, घर 30 लाखांचं. त्यात कर्ज 24 लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता बसतो साधारण 20,800 रुपये. भाडं समजा 7,000 आलं. म्हणजे दरमहा जवळजवळ चौदा हजार पदरचे घालायचे. बरं, ते 7,000 तरी पूर्ण आपले कुठे? सोसायटीचा मेंटेनन्स 1,500 धरा, वर्षात एक महिना घर रिकामं धरा, की वर्षाकाठी उरले 59,000. घरपट्टी, रंगरंगोटी अजून बाकीच. तीस लाखांवर हे दोन टक्केसुद्धा होत नाहीत! आपल्या गावचे आकडे घालून हाच हिशेब करा. घराची किंमत वाढेलही, पण वाढलेली किंमत विकल्याशिवाय हातात येत नाही.

आमच्या या पट्ट्यात बारमाही भाडेकरू आहेत, नाही असं नाही. खोपोलीच्या कारखान्यांतले कामगार, बदली होऊन आलेले शिक्षक, बँकवाले, रेल्वेवाले, भिवपुरी रोडकडे इंजिनीअरिंगची मुलं. या सगळ्यांना डोंगराचा देखावा नको असतो. स्टेशन, बाजार, शाळा चालत गाठता आली पाहिजे आणि नळाला पाणी हवं. देखाव्याची घरं शनिवार-रविवारची, एरवी त्यांना कुलूप. ‘फार्महाऊस प्लॉट’चा मोह तर दूरच ठेवा. आपण शेतकरी नसाल तर शेतजमीन सहसा घेताच येत नाही; शिवाय माथेरानच्या भोवतीचा मोठा भाग 2003 पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे बांधकामाला बंधनं आहेत. नव्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक घेऊन तो त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 2021 पासून राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. छानच आहे. पण कितीतरी घरांत सवलतीपुरतं नाव तिचं आणि भाडं जातं ‘ह्यांच्या’ खात्यात. ते तुमच्याच खात्यात यायला हवं, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

आणि कराराचं काय? ‘ओळखीतला आहे, कागद कशाला?’ किंवा ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही,’ असं सर्रास सांगतात. ते चूक आहे, बरं का! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 म्हणतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर 5,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरतात. ते खोटं ठरवायचं काम तुमचं. नोंदणीचे पैसे वाचवणं कसं महागात पडेल, बघा!

इसार देण्याआधी मे महिन्यात एकदा तिथे जाऊन या आणि पाणी किती वेळ येतं ते शेजारणीला विचारा. जुलैत जा, उल्हास नदी कुठवर चढते ते बघा. मधल्या वारी, संध्याकाळी सातनंतर जा आणि त्या इमारतीत किती खिडक्यांत दिवे लागलेत, ते मोजा.