तुटलेल्या हाताचा हिशेब

रस्त्यावरील अपघात ही आपल्याकडे अजूनही दैवाची गोष्ट मानली जाते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशात 4,61,312 अपघात झाले. त्यांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि 4,43,366 जखमी झाली. मृतांची निदान बातमी होते. जखमी होऊन घरी परतलेल्यांचे पुढे काय होते, याची चौकशी कोणी करत नाही. हात गमावलेला कारागीर घरी बसतो, बायको आणखी एक काम धरते, मुलाची शाळा सुटते आणि सावकाराचे देणे वाढत जाते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर वाहतुकीचा हा खर्च नाहीसा होत नाही. तो वाहनमालकाच्या वहीतून निघून गरिबाच्या चुलीवर येऊन पडतो. तो मूळ जागी परत नेणे, हेच नुकसानभरपाईच्या कायद्याचे प्रयोजन होय. त्यात दयेचा प्रश्नच येत नाही.

मोटार वाहन कायदा, 1988 खाली स्थापन झालेली न्यायाधिकरणे हा हिशेब करतात. उपचारांचा खर्च आणि सोसलेल्या वेदना यांची भरपाई वेगळी; मुख्य रक्कम असते ती गमावलेल्या कमाईची. वार्षिक उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे आणि कमाईची क्षमता जितकी टक्के गेली तितका भाग काढायचा, अशी ही रीत आहे. गुणकांचे कोष्टक सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली निश्चित केले. 26 ते 30 या वयासाठी तो 17 आहे. 2010 साली याच न्यायालयाने आणखी एक मोलाचा दंडक घालून दिला. डावा हात तुटला तर डॉक्टर अपंगत्व सुमारे 60 टक्के लिहितील. परंतु तो मनुष्य सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्णच बुडते, सरकारी कारकुनाची तशी बुडत नाही. म्हणून केवळ शरीराचा नव्हे, तर कामाचा विचार झाला पाहिजे.

या तत्त्वाचे मोल आकड्यांत पाहू. तीस वर्षांचा एक सुतार महिन्याला 15,000 रुपये मिळवतो असे धरू. भावी उत्पन्नवाढ बाजूला ठेवली तरी, कमाई पूर्ण बुडाल्याचे सिद्ध झाल्यास गमावलेल्या कमाईपोटी 30,60,000 रुपये होतात. परंतु त्याच्यापाशी उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून 10,000 रुपयेच धरले गेले आणि दाखल्यावरचे 60 टक्केच तसेच उचलले गेले, तर हातात येतात 12,24,000. माणूस तोच, हातही तोच. फरक मात्र 18,36,000 रुपयांचा! पगारपत्रक असणाऱ्याचा हात महाग आणि मजुरी रोखीने घेणाऱ्याचा स्वस्त, असा हा विपरीत न्याय कायद्याच्या कलमांतून येत नाही. तो पुराव्याच्या अभावातून येतो. असंघटित कामगाराला या देशात श्रम आहेत, श्रमांची नोंद नाही, हे त्याचे मूळ होय.

दुसरे संकट घाईचे. कोणाची चूक होती हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख रुपये मिळण्याची तरतूद 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. ती स्वागतार्हच आहे. तथापि विमा कंपनीशी तडजोड करून ही रक्कम एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील अर्ज संपुष्टात येतो, हे दवाखान्याच्या बिलाने गांजलेल्या कुटुंबाला कोण सांगणार? त्याच तारखेपासून अर्जासाठी सहा महिन्यांची मुदतही पुन्हा आली. 1994 पासून अशी मुदत नव्हती. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, मुदत उलटली एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळू नयेत असे न्यायाधिकरणांना बजावले. पण अशा आदेशावर विसंबून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नाही.

येथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. मोर्चा आणि निवेदन यांच्याइतकेच हेही राजकीय काम आहे. प्रथम खबरी अहवाल, पंचनामा आणि दवाखान्याची प्रत्येक पावती जपून ठेवावी. मुकादमाकडून, मालकाकडून, सोबतच्या मजुरांकडून उत्पन्नाची साक्ष मिळवावी. जखमी माणूस नेमके कोणते काम करत होता आणि आता त्यातले काय त्याला जमत नाही, हे लिहून काढावे. अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे धाडणे हे पोलिसांचे कायदेशीर कर्तव्य आहे; त्याची आठवण ठाण्यात जाऊन करून द्यावी. अर्ज राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही करता येतो. ऊसतोडीसाठी कोल्हापूर भागात गेलेल्या बीडच्या मजुराला म्हणूनच तिकडे हेलपाटे घालण्याची गरज नाही.

स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न घालता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. असे असताना दवाखान्याच्या दारात उभा राहून भरपाईत टक्केवारी मागणारा दलाल आधी पोचतो, कारण आपण पोचत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणे वकिलांच्या आचारसंहितेत निषिद्ध आहे, हेही लोकांना ठाऊक नसते.

अर्थात कार्यकर्त्यांची धावपळ हा कायमचा उपाय नव्हे. प्रत्येक मजुराच्या कामाची आणि मजुरीची नोंद ठेवण्याची सक्ती अमलात आणणे ही शासनाची जबाबदारी आहे, आणि ती मागणी आपण सोडता कामा नये. तोवर मात्र तुटलेल्या हाताचा हिशेब विमा कंपनीच्या कारकुनाने एकट्याने मांडावा, हे आपण चालू देता उपयोगी नाही.