लादी परदेशी, धूळ आमच्या घरी

मानकोली नाक्यावर कंटेनरची रांग कधी तुटत नाही. कारकुनीमुळे निर्यातीचे कागद आमच्या हाताखालून जातात. त्यात कधी परदेशी बांधकामासाठी निघालेल्या दगडी लाद्यांचे कागद असतात. लांबी, रुंदी, जाडी, वजन, नग, सगळे लिहिलेले. एवढेच काय, लाद्या ज्या लाकडी खोक्यांत भरतात, त्या लाकडाचीही चौकशी होते. ते ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले असावे किंवा त्याला औषधाची धुरी दिलेली असावी आणि तसा शिक्का खोक्यावर असावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कारण काय, तर लाकडातली कीड परक्या देशाच्या झाडांना लागू नये!

नियम योग्यच आहे. पण लादी कापणाऱ्याच्या छातीत काय गेले, हे विचारणारा रकाना आम्हाला त्या कागदांत अजून दिसलेला नाही.

परवा विहारात वस्तीतला एक मुलगा आईसोबत भेटला. बारावी झालेला. लाद्या कापण्याच्या एका वखारीत काम मिळते आहे म्हणाला.

"जयभीम काका. एक्स्पोर्टचं काम आहे, पगार बरा आहे."

"कटिंग पाण्यावर होतं की कोरडं?" आम्ही विचारले.

"कोरडंच. सगळे तोंडाला रुमाल बांधतात."

त्याची आई खाली मान घालून बसली होती. मुलाचे वडील जन्मभर दगडाच्या कामावर होते. टीबीचा कोर्स दोनदा झाला, धाप गेली नाही, शेवटी माणूसच गेला. तो टीबीच होता की दुसरे काही, हे त्या घराला कोणी सांगितले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, सँडस्टोन आणि ग्रॅनाइट यांत सिलिका भरपूर असते. कोरड्या कटिंगमध्ये तिची इतकी बारीक धूळ उडते की ती डोळ्यांना दिसत नाही आणि रुमालाने अडत नाही. ती फुप्फुसात बसते, फुप्फुस कडक होत जाते. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही. अशा रोग्याला टीबीही लवकर जडतो आणि एक्सरे पाहताना दोन्हींत गफलत होते.

राजस्थानातील बुंदी-कोटा भागाचा सँडस्टोन ब्रिटनमधल्या अंगणांत बसतो. त्याच राजस्थानला २०१९ साली सिलिकोसिसग्रस्तांसाठी खास धोरण आणावे लागले. ऑस्ट्रेलियात कृत्रिम दगड कापणारे कामगार आजारी पडू लागले, तेव्हा त्या देशाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावरच बंदी घातली. जर्मनीच्या काही राज्यांनी बालमजुरीतून घडलेले कबरीचे दगड वापरण्यास कायद्याने मनाई केली. म्हणजे गिऱ्हाइकाने मनावर घेतले, तर कागदावर नवा रकाना येऊ शकतो.

तोवर आपण काय करायचे? काम सोड, असे आम्ही त्या मुलाला म्हणालो नाही. घरची चूल त्याच्यावरच आहे. पण चार गोष्टी विचारायला सांगितल्या. कटरवर पाणी सोडणार का? धूळ अडवणारा मास्क मालक देणार का? कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी छातीचा एक्सरे होणार का? हजेरीपटावर नाव आणि ईएसआयचा नंबर मिळणार का? नाव कागदावर नसेल, तर उद्या भरपाई मागताना पुरावा कुठून आणणार? शिवाय, खोकला धरला तर आपण दगडाचे काम किती वर्षे करतो, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. धुळीचे कपडे लेकराबाळांत नेऊ नयेत.

मुलगा म्हणाला, "काका, एवढं विचारलं तर ठेवतील का कामावर?"

त्याचा प्रश्न खरा आहे. एकट्याने विचारले तर दार दाखवतील. बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. मजुराचे हाल त्यांनी जागेवर जाऊन पाहिले. आम्ही तर साधे कारकून. पण येत्या सोमवारी रजा टाकून, विहारातले पाचजण त्या मुलासोबत वखारीवर जाणार आहोत. आपापल्या वस्तीत असे कोणी कामाला निघाले असेल, तर आपणही सोबत जावे.

जयभीम!