ब्रेक ऑइल घरी बदलावे

दुचाकीच्या डिस्क ब्रेकचे ऑइल बदलणे हे मेकॅनिकचेच काम, घरी त्याला हात लावू नये, असा समज नाशिकमध्येही पक्का आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन समज असतात: गळती नसेल तर ऑइल बदलायची गरज नाही, आणि पातळी उतरली की वरून भर घातली म्हणजे झाले. तिन्ही चुकीचे आहेत. त्यांतला गळतीचा सर्वांत घातक.

बहुतेक दुचाक्यांत डॉट 3 किंवा डॉट 4 दर्जाचे, ग्लायकॉल वर्गातील ऑइल असते. ते ओलावा शोषते आणि झाकण घट्ट असले तरी रबरी होजमधून तो झिरपतोच. म्हणजे एक थेंबही न गळता ऑइल खराब होते. कोऱ्या डॉट 4चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, 3.7 टक्के पाणी मिसळल्यावर ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. गंगापूर रोडच्या सिग्नलवर हा फरक कळत नाही. पण सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे किंवा कसारा घाटात मागे माणूस बसवून, ब्रेक धरूनच उतरत राहिले, तर पॅडची उष्णता कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत पोहोचते आणि त्यात वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. लिव्हर मुठीला टेकते, गाडी मात्र धावतच राहते. पायथ्याशी सगळे थंड झाले की लिव्हर पुन्हा घट्ट लागते आणि तपासणीत दोष सापडत नाही.

वरून भर घालण्याने हे पाणी निघून जात नाही. शिवाय पातळी बहुधा उतरते ती पॅड झिजल्यामुळे. पॅड पातळ झाले की पिस्टन पुढे सरकतात आणि मागची जागा ऑइल घेते. म्हणून आधी पॅड पाहावेत. भर घातलेली असली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलताच ऑइल टाकीतून उसळते आणि गाडीचा रंग खाते.

राहिला मेकॅनिकचा मुद्दा. जिवाशी गाठ आहे म्हणून घरी नको, असे सांगितले जाते. जिवाशी गाठ आहे हे खरेच. पण काम दुसऱ्यावर सोपवल्याने ते झाले अशी खात्री मिळत नाही. जुने ऑइल कॅलिपरवरच्या निपलमधून निघालेले पाहिल्यावरच ती मिळते. आणि काम अवघड नाही. निपलच्या मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, एक बाटली, सिरिंज आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाच्या ऑइलची सीलबंद बाटली एवढे पुरते. इंजिन ऑइलचा थेंबही चालत नाही. त्याने सील फुगतात.

गाडी मेन स्टँडवर घेऊन हँडल असे वळवावे की ब्रेक ऑइलची टाकी सपाट राहील. पेट्रोलच्या टाकीवर ओले फडके टाकावे. सिरिंजने जुने ऑइल काढून नवे भरावे. निपलवर पाना आणि नळी चढवून नळीचे टोक बाटलीतल्या नव्या ऑइलात बुडवावे. मग लिव्हर दाबून धरायची, निपल पाव फेरा उघडायचा, लिव्हर मुठीपर्यंत आली की निपल बंद करायचा आणि त्यानंतरच लिव्हर सोडायची. हा क्रम उलटला की हवा आत ओढली जाते. बहुतेक फसलेल्या प्रयत्नांचे मूळ इथेच असते. टाकी मध्येच रिकामी होऊ देणे ही दुसरी चूक. नळीत स्वच्छ, बुडबुडे नसलेले ऑइल दिसेपर्यंत हेच करावे. शेवटी निपल बेताने घट्ट करून, सांडलेले पाण्याने धुऊन, लिव्हर घट्ट लागते का ते पाहून चालण्याच्या वेगात ब्रेक तपासावा.

विरोधकांचे एक म्हणणे मान्य करावे लागते. 2019 पासून 125 सीसीवरील नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचे झाले. अशा गाड्यांतही ऑइल बहुधा याच रीतीने बदलते, पण एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांना वर्कशॉपचे यंत्रच लागते. मास्टर सिलिंडर किंवा कॅलिपरचे सील गळत असतील, तरीही गाडी मेकॅनिककडेच न्यावी.

बहुतेक उत्पादक दोन वर्षांची मुदत सांगतात, ती पाळावी. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळी हवेत बाटली उघडण्यापेक्षा हे काम मे महिन्यातच उरकावे, उरलेले ऑइल पुढच्या खेपेसाठी ठेवू नये, आणि निघालेले ऑइल गोदावरीला मिळणाऱ्या नाल्यात न ओतता गॅरेजमध्ये द्यावे.