चालण्याचाही डोस लिहून द्या

कुत्र्याला हृदयविकार आहे असं कळलं की घरात सगळ्यात आधी बंद होतं ते फिरणं. गोळ्या सावकाश सुरू होतात, दाराला कडी मात्र त्याच संध्याकाळी लागते. परवा वेताळ टेकडीवर एक ओळखीचं जोडपं भेटलं. दोघंच आले होते. त्यांचा ब्रुनो, सात वर्षांचा डॉबरमन, टेकडीवर रोज येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असलेला धटिंगण, घरी होता. इको झाला, चोवीस तास ठोके नोंदवणारा होल्टर झाला आणि निदान निघालं डायलेटेड कार्डिओमायोपथी. यात हृदयाचा स्नायू कमजोर पडतो, कप्पे फुगतात आणि रक्त पुढे ढकलायची ताकद कमी होत जाते. ‘‘डॉक्टर आराम म्हणालेत,’’ वहिनी सांगत होत्या, ‘‘पण हा दिवसभर गॅलरीत येरझाऱ्या घालतो. कबुतर दिसलं की ग्रिलवर झेप. याला आराम म्हणायचं का हो?’’

नाहीच म्हणायचं. पट्ट्याला धरून सपाट रस्त्यावर संथ चाललेला कुत्रा आणि कोंडलेला, चिडलेला, प्रत्येक बेलला दारापर्यंत धडकणारा कुत्रा, यांत कोणाचं हृदय जास्त धडधडतं हे सांगायला इको लागत नाही. मी त्यांना विचारलं, आजार कुठल्या टप्प्यावर आहे? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. फाइलमध्ये असेल म्हणाले.

इथेच सगळं अडतं. ‘हार्ट पेशंट’ ही एकच अवस्था नसते. पशुहृदयतज्ज्ञ आजाराची पायरी अक्षरांनी सांगतात. ए म्हणजे जातीमुळे धोका आहे, पण आजार नाही. बी म्हणजे हृदयात बिघाड आहे, पण कुत्र्याला त्रास नाही. सी म्हणजे हार्ट फेल्युअर झालं, फुप्फुसात किंवा पोटात पाणी साठलं. डी म्हणजे नेहमीची औषधंही पुरी पडेनाशी झाली. पॉमेरेनियन, डॅक्सहुंड अशा लहान जातींत उतारवयात डाव्या बाजूची झडप जाड होऊन गळायला लागते. त्यांच्यासाठी बीचेही दोन भाग आहेत. बी-१ म्हणजे मर्मर, ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू येतो, पण हृदय मोठं झालेलं नाही किंवा झालं असलं तरी औषध सुरू करण्याइतकं नाही. या कुत्र्याला सहसा गोळीही लागत नाही आणि त्याचं फिरणं तोडायचंही कारण नसतं. तरी आपल्याकडे ‘मर्मर आहे’ एवढं ऐकून जिना बंद, बॉल बंद, शेजारच्या कुत्र्याशी दोस्ती बंद. तोच पॉम दोन वर्षांनी लठ्ठ होतो आणि मग त्या वजनाचा भार त्याच हृदयावर येतो.

डॉबरमनची गोष्ट वेगळी, आणि ती कठीणही आहे. युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत निम्म्याहून जास्त डॉबरमनांना आयुष्यात कधी ना कधी डायलेटेड कार्डिओमायोपथी झालेली दिसली. बराच काळ बाहेरून काही कळत नाही. कुत्रा धावतो, खातो, उड्या मारतो आणि आत ठोक्यांचा ताल बिघडत असतो. होल्टरवर चोवीस तासांत 300 हून जास्त अवेळी ठोके सापडले, तर तेवढ्यावरही या जातीत निदान करतात, मग इको चांगला असला तरी. असे ठोके खूप असतील तर जोराची पळापळ खरोखर थांबवावी लागते, कारण उत्तेजनेच्या क्षणी ताल पार कोसळू शकतो. म्हणजे ब्रुनोच्या डॉक्टरांचं ‘आराम’ चूक नव्हतं. ते अर्धवट होतं.

गोळीच्या चिठ्ठीवर आपण काय मागतो? किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर. पिमोबेंडन हे हृदयाचं औषध उपाशीपोटी, जेवणाच्या सुमारे तासभर आधी, हे तर हल्ली बरेच पालक तोंडपाठ सांगतात. मग चालण्याबद्दल एका शब्दावर समाधान का मानायचं? चिठ्ठीवर एक ओळ असायला हवी: सपाटीवर, पट्ट्यासह, सूर्य वर यायच्या आत, इतकी मिनिटं, इतक्या वेळा. चढ चालेल का? दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती चालेल का? कुठलं लक्षण दिसलं की तिथेच थांबायचं? डॉक्टर घाईत असतील तर आपण लिहून नेऊन विचारायचं. गळ्यातल्या पट्ट्याने ओढ बसून खोकला उसळत असेल तर हार्नेस, हेही त्याच चिठ्ठीत.

‘तो दमला की आपोआप बसेल’ या भरवशावर चंचल कुत्र्याला सोडू नये. लॅब्रॅडॉर, बॉक्सर, डॉबरमन, आपला गावठी कुत्रासुद्धा, मालकाने बॉल उचलला की पुढचा विचार करत नाही. शेपटी हलतेय म्हणून हृदय ठीक असं धरून चालणारे पालक जेवढे भेटतात, तेवढेच जरा आळसावला की रडकुंडीला येणारे भेटतात. दोघांनाही माझा सल्ला एकच असतो: झोपेतला श्वास मोजा.

कुत्रा गाढ झोपला की छाती वर येऊन खाली गेली, हा एक श्वास. तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. धापा टाकत असेल, किंवा स्वप्नात पाय झाडत ‘बुफ् बुफ्’ करत असेल तर तो आकडा धरू नका. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पंख्याखालीसुद्धा श्वास वाढतो, म्हणून रात्रीचाच मोजलेला बरा. मिनिटाला तीसच्या आत असेल तर सहसा निर्धास्त राहावं. नेहमी अठरा-वीस असणारा आकडा पुन्हा मोजूनही तीसच्या वर राहिला, तर सकाळची वाट न बघता फोन करावा. फुप्फुसात पाणी भरू लागल्याची खबर बऱ्याचदा खोकल्याच्या आधी या आकड्यातून मिळते. फ्रिजवर दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी हा तक्ता लावलेलं एक घर मी पाहिलंय. तिथल्या आजी रोज रात्री मालिका संपली की मोजतात, आणि डॉक्टर त्यांचा तक्ता स्वतःच्या स्टेथोस्कोपइतकाच गांभीर्याने वाचतात.

औषधांनी काय होतं, तेही सांगायला हवं, कारण ‘आता काय उपयोग’ हा सूर फार लवकर लागतो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लक्षणं दिसायच्या आधीच पिमोबेंडन सुरू केलेल्या डॉबरमनांना हार्ट फेल्युअर किंवा अचानक मृत्यूपर्यंतचा मध्यम काळ 718 दिवस मिळाला. नुसती साखरेची गोळी मिळालेल्यांना 441. झडपेच्या आजारात हृदय मोठं झालेल्या कुत्र्यांवर 2016 चा अभ्यास आहे, तिथे फरक साधारण पंधरा महिन्यांचा पडला. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे.

पाणी भरायला लागल्यावर येते ती लघवीची गोळी. आणि तिच्यामागोमाग सोसायटीचं राजकारण. गोळी घेतलेल्या कुत्र्याला तासाभरात खाली न्यावं लागतं, पुन्हा न्यावं लागतं, लिफ्टमध्ये एखादा थेंब सांडला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो. मग कोणीतरी शहाणपणाने पाण्याचं भांडं उचलून ठेवतं. हे कदापि करू नका. या औषधावर असलेल्या कुत्र्याला पाणी हवं तेव्हा मिळालंच पाहिजे, नाहीतर मूत्रपिंडं आधी हात टेकतील. हीच गोळी अनेक घरांत आजोबांनाही चालू असते, हृदयासाठीच दिलं जाणारं एनालाप्रिलही तेच. म्हणून त्यांच्या डब्यातली अर्धी मोडून देण्याचा मोह होतो. वजनावर ठरणारा डोस असा अंदाजाने देत नाहीत. आणि कुत्रा लंगडतोय म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी तर बिलकूल नाही. या औषधांच्या जोडीला ती मूत्रपिंडांची पार वाट लावू शकते.

खाण्याबाबत आजोबांशीच गाठ असते. पापडाचा तुकडा, वेफर, लोणच्याचा हात चाटू देणं, चहातली खारी. मीठ तिथून जातं. परदेशी ‘ग्रेन-फ्री’ पोतं महाग म्हणून चांगलं, असंही नाही. अशा खाद्याचा या स्नायूच्या आजाराशी संबंध आहे का, याचा तपास अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्ये जाहीर केला होता. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, पण आधीच हृदय दुबळं असलेल्या कुत्र्यावर हा प्रयोग मी तरी करणार नाही.

वहिनींचा शेवटचा प्रश्न होता, ‘‘बाहेर नेलं आणि रस्त्यात काही झालं तर?’’ होऊ शकतं. हृदयामुळे येणारी चक्कर बहुधा धावताना किंवा उत्तेजित झाल्यावर येते. कुत्रा एकदम गळून पडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि बऱ्याचदा काही सेकंदांत उठून तो काहीच न घडल्यासारखा बघतो. फिट आली तर सहसा पाय झाडणं, लाळ आणि नंतर बराच वेळ भांबावलेपण असतं. फरक डॉक्टरांना कळावा म्हणून जवळ दुसरं कोणी असेल तर त्याने मोबाइलवर चित्रण करावं. आणि चक्कर एकदा जरी आली तरी त्याच दिवशी दवाखाना.

पण डॉबरमन कधी कधी उठत नाही, हेही त्यांना सांगितलं. औषध चालू असतानाही असं होतं, आणि ते गॅलरीतल्या कबुतरामागेही होऊ शकतं. हा धोका कोंडून ठेवल्याने शून्यावर येत नाही. ताल आवरणाऱ्या औषधांनी, पुन्हा पुन्हा होल्टर करून आणि मोजून-मापून दिलेल्या चालण्याने तो थोडाफार आटोक्यात राहतो, एवढंच. वहिनींनी फोन काढला आणि डॉक्टरांची पुढची वेळ घेतली. त्यांचे यजमान मागून ओरडले, ‘‘टप्पा विचार, आणि मिनिटंही!’’