जमीन विकण्याआधी

घरात मुलाला किंवा मुलीला परदेशी शिकायला पाठवायचं चाललंय आणि पैशांची ओढाताण आहे, अशा आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. मुलांनीही वाचावं. बँकेच्या कर्ज विभागात माझी बरीच वर्षं गेली. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आठ-अ आणि एजंटाने दिलेली गुळगुळीत फाइल घेऊन आलेले वडील मी पुष्कळ पाहिले. पहिल्या वर्षाची फी त्यांना तोंडपाठ असायची. "आणि दुसऱ्या वर्षाचं काय?" विचारलं की ते मुलाकडे बघायचे. मुलगा म्हणायचा, "पार्टटाइम करीन ना."

माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की पार्टटाइमच्या भरवशावर विमानात बसू नका. शिक्षण पुरं होईपर्यंतचे पैसे कुठून येणार, हे निघण्याआधी कागदावर दिसलं पाहिजे.

जर्मनीचंच घ्या. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र २०१७ पासून आपल्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावली आहे. पण "जर्मनी फुकट" म्हणणाऱ्या एजंटाला ब्लॉक्ड अकाउंटबद्दल विचारा. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो तिथल्या खात्यात आधी भरून दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांना धरला तरी ११ लाख ९० हजार झाले. पैसे मुलाचेच असतात, पोचल्यावर दरमहा ९९२ युरो त्याला मिळतात. त्यातले दीडशेच्या आसपास आरोग्य विम्याला जातात. म्युनिकमध्ये खोलीचं भाडंच उरलेल्यातला मोठा घास घेतं. केम्निट्झ, माग्डेबुर्गसारख्या शहरात याच पैशांत महिना निघतो. तेव्हा शहराच्या नावाला भुलू नका, आधी भाडं बघा. प्रवेशपत्र हाती पडलं की त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज टाका, तिथे प्रतीक्षा यादी लांब असते.

काम करायला वर्षाला १४० पूर्ण दिवस परवानगी आहे. पण काम देणारा समोर हवा, आणि दुकानात, हॉटेलात उभं राहायचं तर जर्मन बोलता यायला हवं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवन इथे ती शिकता येते. जायच्या आधी वर्षभर भाषेवर खर्च केलेले पैसे वाया जात नाहीत.

आता कर्ज. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत. त्यावर मागतात. पण शेतजमीन तारण घ्यायला अनेक बँका तयार नसतात, कारण सरफेसी कायद्याखाली ती त्यांना ताब्यात घेता येत नाही. तिथून माणूस निराश होऊन उठतो आणि जमिनीला गिऱ्हाईक शोधतो, नाहीतर सावकाराकडे जातो. हे दोन्ही करू नका.

समजा, २० लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी मिळालं. दोन वर्षं शिक्षण आणि वर एक वर्ष हप्त्याला सूट. हप्ता नाही म्हणून घर निश्चिंत असतं, पण व्याज चढतच असतं. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली, तर सरळव्याजाने तीन वर्षांत ६ लाख होतात. मग दहा वर्षांच्या फेडीत २६,५०० चा हप्ता ३४ हजारांच्या वर जातो. त्या तीन वर्षांत घरून महिना ८,३०० च्या आसपास भरत गेलात, तर निम्मं व्याज तिथेच मिटतं. आणि रक्कम एकदम न उचलता सेमिस्टरला लागेल तेवढीच उचला.

कर्जाआधी शिष्यवृत्तीचा दरवाजा ठोठावा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांची मुलंही बसतात, आणि हे त्यांच्या घरांत फार थोड्यांना ठाऊक असतं. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. दाखल्यावाचून हुकलेले अर्ज पाहून मला फार वाईट वाटलं आहे.

आणि यंदा पैसे जमलेच नाहीत, तर थांबण्यात कमीपणा नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या मदतीने कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे लंडनला गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर, १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठून शिक्षण पुरं केलं.

तेव्हा जमिनीचा व्यवहार ठरवण्याआधी एका रविवारी सगळे वही घेऊन बसा. भाडं, विमा, जेवण, विमानाचं तिकीट, व्याज, सगळं मुलालाच लिहू द्या, दोन्ही वर्षांचं. त्यात पार्टटाइमची कमाई शून्य धरा. बेरीज जुळली तर आनंदाने पाठवा. नाही जुळली, तर एजंटाला टोकनचे पैसे देऊ नका.