चोवीस म्हणजे चोवीस

‘तयार कॉम्प्युटर मिळत असताना एवढा खटाटोप कशाला?’ आमच्या मुलीने मदरबोर्ड पाण्याने थंड ठेवायचा बेत सांगितला, तेव्हा मी हेच विचारलं. रोजच्या वापराला साधा पंखा पुरतो आणि स्वस्तही पडतो, हे माझं म्हणणं आजही खरं आहे. तरीही मुलांनी असा घाट घातला तर घालू द्यावा, असं आता मला वाटतं. अट एकच: चोवीस तासांच्या गळतीच्या चाचणीआधी बोर्डाला वीज द्यायची नाही. आणि ही अट आपणही पाळायची.

रचना समजायला सोपी आहे. दिवाळीत अभ्यंगस्नानाचं पाणी तापवणारा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीतली आग तांब्यातून भोवतालच्या पाण्याला उष्णता देते. इथेही प्रोसेसरवर आणि त्याला वीज पुरवणाऱ्या शेजारच्या भागांवर तांब्याचा ठोकळा बसतो. त्यातून फिरणारं पाणी उष्णता रेडिएटरकडे नेतं आणि पंखे ती बाहेर टाकतात. तेवढ्याच जागेतल्या हवेपेक्षा पाणी तीन हजार पटींहून जास्त उष्णता सामावून घेतं. फक्त तांब्याच्या ठोकळ्याला ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नये, धातू झिजतो.

चाचणीत वीज फक्त पंपाला द्यायची. पॉवर सप्लायच्या बाकी सगळ्या वायरी काढायच्या आणि 24 पिनांच्या प्लगला जम्पर लावायचा. मग बोर्ड बंद राहून पंप चालतो. टाकी भरलेली ठेवायची, पंप कोरडा फिरू द्यायचा नाही. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवायचा.

आम्ही शनिवारी संध्याकाळी पंप सुरू केला. दोन तास सगळं कोरडं. मी म्हटलं, ‘झालं की, लाव आता.’ ती म्हणाली, ‘बाबा, चोवीस म्हणजे चोवीस.’

रविवारी सकाळी ठोकळ्याखालचा टिश्यू ओला होता. एका सांध्यातली रबरी रिंग तिरकी बसली होती. डिस्टिल्ड पाण्यातून वीज फारशी वाहत नाही हे खरं, पण धातू आणि धूळ लागली की ते शुद्ध राहत नाही. बोर्डात वीज नव्हती, म्हणून पुसून, पूर्ण वाळवून तो वाचला. तिने रिंग बदलली आणि चोवीस तास पुन्हा पहिल्यापासून मोजले. बोर्ड सुरू झाला तेव्हा तिने सर्वांत आधी तापमान पाहिलं, मग पंपाचा वेग. गेम दुसऱ्या दिवशी.

मुलांना सबुरी नाही, ही आपली नेहमीची तक्रार. त्या रात्री घाई मला झाली होती. ऑफिसात चाचणी झाल्याशिवाय एक ओळ पुढे न सोडणारे आपण घरी मात्र ‘झालं की’ म्हणून मोकळे होतो.

या सुट्टीत तुमच्याकडे कोणी असा बेत मांडला तर खर्चाचा हिशोब जरूर मागा. मग टिश्यूचा रोल तुम्ही आणून द्या, आणि चोवीस तास त्यांच्याबरोबर थांबा.